परवान्याची भाषा कोणाची?

संसदेचे अधिवेशन कोणतेही असो, मद्यविषयक एखादा प्रश्न त्यात हमखास असतो. कधी विषारी दारूचे बळी, कधी महामार्गावरील अपघात, कधी दारूबंदीची मागणी. प्रश्न विचारणारा सदस्य सत्ताधारी असो वा विरोधी, त्याला मिळणाऱ्या लेखी उत्तराचा सूर ठरलेला असतो: हा विषय राज्यांच्या अखत्यारीतील आहे. पत्रकार कक्षात ते उत्तर वाचून बाजूला ठेवण्याची आम्हा मंडळींना सवय झाली आहे. उत्तर चुकीचे नसते. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीची आठवी नोंद मादक पेयांचे उत्पादन, ती बाळगणे, त्यांची वाहतूक, खरेदी आणि विक्री राज्यांकडे सोपवते. त्याच सूचीतील एक्कावन्नावी नोंद त्यांवरील उत्पादन शुल्कही राज्यांच्याच पदरात टाकते. परंतु बरोबर उत्तर आणि पुरेसे उत्तर यांत अंतर असते. त्या अंतरात सापडलेल्या माणसाची ओळख मला संसद भवनात नव्हे, तर राजधानी परिसरातील एका मराठी उपाहारगृहात झाली.

हे गृहस्थ गेली पंधरा वर्षे येथे तांबडा-पांढरा रस्सा वाढत आहेत. महाराष्ट्रातून बदलून आलेले अधिकारी, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले आणि अधिवेशनकाळात येणारे कार्यकर्ते ही त्यांची नेहमीची गिऱ्हाइके. दोन वर्षांपूर्वी त्यांनी जेवणासोबत बिअर व वाइन देण्यासाठी परवान्याचा अर्ज केला. जागेचा भाडेकरार, पालिकेचा व्यवसाय परवाना, अन्नसुरक्षा नोंदणी, अग्निशमन दलाचा दाखला, नकाशा, मालमत्तेचे कागद अशी जाडजूड फाइल त्यांनी स्वतः तयार केली. ती परत आली. कारण विचारता कळले की, एका कागदावर जागा ‘पहिला मजला’ होती आणि दुसऱ्यावर ‘दुसरा मजला’. तळमजल्याला शून्य म्हणायचे की एक, यावर दोन कार्यालयांचे एकमत नव्हते. लेखी त्रुटीपत्र मागितल्यावर त्यांना ‘एखाद्या माहितगाराला भेटा’ असा सल्ला मिळाला. माहितगार भेटला, त्याने आपले शुल्क सांगितले आणि चार महिने अडलेली फाइल आठवडाभरात पुढे सरकली. परवाना मिळाल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर दिसला नाही. ‘काम झालं, पण कुठल्या नियमानं अडलं होतं आणि कुठल्या नियमानं सुटलं, ते मला अजून कळलेलं नाही,’ असे ते म्हणाले.

हे वाक्य एका उपाहारगृहापुरते नाही. मद्याच्या व्यवहारावर राज्याचे कठोर नियंत्रण असावे, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो हे नियंत्रण ज्या भाषेत चालते त्या भाषेचा. ती भाषा परवाना मागणाऱ्याला कळत नाही, परवान्याला विरोध करणाऱ्याला कळत नाही, आणि अनेकदा परवाना देणाऱ्यालाही पूर्णपणे कळत नाही. मग ती ज्याला कळते, त्या मध्यस्थाचे राज्य सुरू होते. कायदेशीर साहाय्य ही ज्या व्यवस्थेत नागरिकाची सोय असायला हवी, तेथे ती दलालाची मक्तेदारी बनते.

या गुंत्याची मुळे घटना समितीपर्यंत जातात. २४ नोव्हेंबर १९४८ रोजी दारूबंदीचा उल्लेख मार्गदर्शक तत्त्वांत करावा की नाही, यावर समितीत चर्चा झाली. योगायोगाने दोन्ही बाजूंना मराठी मुलखातील माणसे होती. मुंबई प्रांताचे तत्कालीन पंतप्रधान बाळ गंगाधर खेर दारूबंदीच्या बाजूने बोलले, तर कोल्हापूरचे बी. एच. खर्डेकर यांनी तिला विरोध केला. आदिवासींच्या चालीरीतींचा मुद्दा जयपाल सिंह यांनी मांडला. अखेर महावीर त्यागी यांची दुरुस्ती डॉ. आंबेडकरांनी स्वीकारली आणि आज अनुच्छेद ४७ मध्ये दिसणारी तरतूद आकाराला आली. मादक पेयांच्या सेवनावर बंदी आणण्याचा राज्याने प्रयत्न करावा, असे हा अनुच्छेद सांगतो. म्हणजे घटनेने राज्यांना एका हाताने दारूबंदीचे ध्येय दिले आणि दुसऱ्या हाताने दारूवरील कराचे उत्पन्न दिले. रिझर्व्ह बँकेच्या राज्य वित्तविषयक अहवालानुसार बहुतेक राज्यांच्या स्वतःच्या कर महसुलात राज्य उत्पादन शुल्काचा वाटा साधारण १० ते १५ टक्क्यांच्या घरात राहिला आहे. ध्येय आणि तिजोरी यांची ही रस्सीखेच प्रत्येक राज्याच्या अबकारी नियमपुस्तिकेत पानोपानी जाणवते.

न्यायालयांनी या बाबतीत राज्यांना मोकळा हात दिला आहे. मुंबई राज्य विरुद्ध बलसारा या १९५१ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याचा बहुतांश भाग वैध ठरवला. पुढे खोडे डिस्टिलरीजच्या १९९४ मधील निकालात घटनापीठाने स्पष्ट केले की, मद्याचा व्यापार करण्याचा मूलभूत हक्क कोणालाही नाही. तो राज्याचा विशेषाधिकार आहे आणि राज्य तो शुल्क घेऊन दुसऱ्याला देऊ शकते. अबकारी कार्यालयांत हा निकाल वेदवाक्यासारखा उद्‍धृत केला जातो. मात्र त्याआधीच, १९८६ मध्ये, मध्य प्रदेश राज्य विरुद्ध नंदलाल जयस्वाल या खटल्यात न्यायमूर्ती भगवती यांच्या पीठाने याच प्रश्नाची दुसरी बाजू मांडली होती. मद्याच्या परवान्यावर कोणाचा मूलभूत हक्क नसला, तरी परवाना देताना राज्याला मनमानी करता येत नाही. अनुच्छेद १४ तेथेही लागू असतो, असा त्या निकालाचा आशय आहे. विशेषाधिकार राज्याचा असला तरी समान व न्याय्य वागणुकीचा हक्क अर्जदाराचा आहे. पहिला निकाल सर्वांना पाठ आहे, दुसऱ्याची आठवण अर्जदाराच्या वकिलाला करून द्यावी लागते. वकील नसेल तर ती कोणीच करून देत नाही.

व्यवसायाच्या बाजूने हा डोलारा कसा दिसतो, ते पाहू. महाराष्ट्रात परमिट रूमला एफएल-३, विदेशी मद्याच्या किरकोळ दुकानाला एफएल-२, देशी दारूच्या दुकानाला सीएल-३ असे परवाने असतात. कायद्याने तर पिणाऱ्यालाही परवाना लागतो. एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन. तो खिशात बाळगणारे किती, हे वाचकांना ठाऊक आहे. परवाना हाती आला म्हणजे काम संपले असे नाही. दर वर्षी नूतनीकरण, रोजचा साठा व विक्रीची नोंद, प्रत्येक मालखेपेचा वाहतूक पास, बाटलीवरील शासकीय चिन्ह, नोकरांची नोंदणी, भागीदार बदलल्यास वा मूळ परवानाधारक वारल्यास हस्तांतराची वेगळी मंजुरी, असा हा वर्षभराचा संसार असतो. निवडणूक जाहीर झाली की लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम १३५-सी लागू होते आणि मतदान संपण्यापूर्वीच्या ४८ तासांत विक्री बंद ठेवावी लागते. बिलावरही दोन कायदे एकत्र नांदतात. घटनेच्या १०१ व्या दुरुस्तीने मानवी सेवनासाठीचे मद्य वस्तू व सेवा कराच्या व्याख्येबाहेर ठेवले. त्यामुळे एकाच टेबलावरील थाळीला एक करप्रणाली आणि ग्लासाला दुसरी.

हे सारे एका राज्याचे झाले. दिल्लीकर मराठी माणूस तर तीन राज्यव्यवस्थांच्या तिठ्यावर राहतो. दिल्लीच्या २००९ च्या अबकारी कायद्याने मद्यपानासाठी किमान वय २५ ठरवले. हरियाणाने २०२१ मध्ये कायदा दुरुस्त करून आपली २५ ची अट २१ वर आणली. करोनानंतरची काही वर्षे दिल्लीचे परवानावर्ष आर्थिक वर्षाच्या अंगाने, तर हरियाणाचे १२ जूनपासून असे चालले. २०२३ च्या जूनअखेरीस दिल्ली मेट्रोने प्रवाशाला दोन बंद बाटल्या नेण्याची मुभा दिली, तेव्हा अनेकांना हायसे वाटले. पण मेट्रो नोएडाच्या हद्दीत शिरली की उत्तर प्रदेशचा अबकारी कायदा सुरू होतो, हे डब्यात कोठे लिहिलेले नव्हते. प्रवाशाचा घोटाळा बाटलीपुरता असतो. गुरुग्राम, दिल्ली आणि नोएडा या तिन्ही ठिकाणी शाखा असलेल्या हॉटेल व्यावसायिकाला मात्र एकाच व्यवसायासाठी तीन कायदे, तीन दिनदर्शिका आणि तीन प्रकारच्या नोंदवह्या सांभाळाव्या लागतात.

नियमांची संख्या मोठी असणे एक वेळ सहन करता येईल. त्यांची अस्थिरता अधिक जाचक आहे. दिल्लीचेच उदाहरण घ्या. १७ नोव्हेंबर २०२१ पासून सरकारने किरकोळ विक्रीतून अंग काढून घेतले आणि शहराचे ३२ विभाग करून ८४९ दुकाने खासगी परवानाधारकांकडे देण्याचे धोरण आणले. जुलै २०२२ मध्ये उपराज्यपालांनी केंद्रीय अन्वेषण विभागाच्या चौकशीची शिफारस केली. ३१ जुलैला संपणाऱ्या परवान्यांना ऐनवेळी एक महिन्याची मुदतवाढ मिळाली आणि १ सप्टेंबर २०२२ पासून चार सरकारी संस्थांमार्फत विक्रीची जुनी व्यवस्था परत आली. त्या धोरणावरून झालेले आरोप, अटका आणि खटले हा या लेखाचा विषय नाही. त्यांचा निवाडा न्यायालयांत व्हायचा. येथे मुद्दा एवढाच की, दहा महिन्यांत शहराची संपूर्ण किरकोळ व्यवस्था एकदा बदलली आणि एकदा उलटी फिरली. ज्यांनी भाड्याने गाळे घेतले, नोकर नेमले, कर्जे काढली, त्यांना ‘हा विशेषाधिकार आहे, हक्क नव्हे’ या वाक्यापलीकडे सांगण्यासारखे कोणाकडे काही नव्हते.

दिल्लीला दोष देऊन इतरांना सुटता येणार नाही. बिहारने १ एप्रिल २०१६ रोजी देशी दारूवर बंदी घातली आणि शहरांत विदेशी मद्याची विक्री सरकारी दुकानांतून चालू ठेवण्याची व्यवस्था केली. चारच दिवसांनी, ५ एप्रिलला, सरसकट बंदी आली. पाटणा उच्च न्यायालयाने ती अधिसूचना ३० सप्टेंबरला रद्द केली, २ ऑक्टोबरला सरकारने नवा कायदाच लागू केला आणि लगोलग सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाच्या निकालाला स्थगिती दिली. केरळने २०१४ मध्ये पंचतारांकित हॉटेले वगळता बारना मनाई केली, सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये ते धोरण उचलून धरले, आणि २०१७ मध्ये सत्तांतरानंतरच्या सरकारने ते बदलले. आंध्र प्रदेशात २०१९ मध्ये दुकाने सरकारकडे गेली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये ३,३९६ दुकाने सोडत काढून पुन्हा खासगी हातांत आली. सोडतीच्या अर्जासाठी दोन लाख रुपये परत न मिळणारे शुल्क होते. प्रत्येक निर्णयाला त्या त्या वेळी काही कारण होते. लोकनियुक्त सरकारला धोरण बदलण्याचा अधिकारही आहे. पण धोरण बदलणे आणि पायाखालची जमीन ओढून घेणे यांत फरक असतो. तो फरक पूर्वसूचना आणि संक्रमणकाळ यांनी पडतो.

न्यायालयीन आदेशांनीही कधी कधी हाच अनुभव दिला. १५ डिसेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय व राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत मद्यविक्रीला मनाई केली. हेतू निर्विवाद होता, महामार्गांवरील मृत्यू रोखण्याचा. ३१ मार्च २०१७ रोजी, म्हणजे नूतनीकरणाच्या अखेरच्या दिवशी, वीस हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावांसाठी ते अंतर २२० मीटर करण्यात आले आणि बार व उपाहारगृहेही आदेशाच्या कक्षेत असल्याचे स्पष्ट झाले. मग ११ जुलैला शहरांच्या हद्दीतील परवान्यांना हा आदेश आडवा येत नाही, असा खुलासा झाला. या सात महिन्यांत राज्यांनी महामार्गांचे तुकडे जिल्हा मार्ग म्हणून घोषित करण्याचा सपाटा लावला, तर केरळमधील एका बारने प्रवेशद्वारासमोर नागमोडी वाट बांधून चालण्याचे अंतर वाढवले. ती वाट पाहून देश हसला. परंतु मोजपट्टी कोठून कोठवर धरायची, हे ज्याला कोणी समजावून सांगत नाही, तो माणूस भूमितीलाच शरण जातो!

या परिस्थितीत कायदेशीर साहाय्याची गरज कोणाला भासते आणि ते कोणाला मिळते? मोठ्या मद्यनिर्मात्या कंपन्यांकडे त्यासाठी स्वतंत्र विभाग आहेत. प्रत्येक राज्यात प्रत्येक छापाची नोंदणी, विक्रीमूल्याची मंजुरी, शुल्काचा भरणा ही कामे त्यांचे विधिज्ञ व सल्लागार करतात. अडले तर उच्च न्यायालयाचे दार ठोठावतात. एका उपाहारगृहाच्या मालकाकडे यातले काहीच नसते. त्याचा वकील दिवाणी दाव्यांचा, त्याचा लेखापाल करांचा. अबकारी नियम दोघांनाही परके. मग फाइल घेऊन उभ्या असलेल्या मध्यस्थाशिवाय पर्याय राहत नाही. सर्वच मध्यस्थ लबाड असतात असे नव्हे. त्यांतील कित्येक जण प्रामाणिकपणे कागद जुळवून देतात. मात्र वकिलाला पक्षकाराप्रति जबाबदारी असते, त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते, त्याने दिलेला सल्ला पुराव्यात दाखवता येतो. मध्यस्थाबाबत यातले काहीच नसते. चूक झाली तर दंड परवानाधारकाला, परवाना निलंबित झाला तर नुकसान परवानाधारकाचे. मध्यस्थ पुढच्या गिऱ्हाइकाकडे गेलेला असतो.

व्यवसायाची बाजू पुरेशी मांडून झाली. येथवर वाचून कोणी म्हणेल की, हा मद्यविक्रेत्यांचा कैवार आहे. तसे ते नाही, आणि म्हणूनच दुसरी बाजू अधिक महत्त्वाची ठरते. महाराष्ट्राने २००८ च्या आदेशान्वये गावातील दारूचे दुकान मतदानाने बंद करण्याची सोय करून दिली. ‘उभी बाटली, आडवी बाटली’ हे त्या मतदानाचे नाव आता मराठीत रुळले आहे. पण आडव्या बाटलीपर्यंतचा रस्ता सरळ नाही. एकूण महिला मतदारांपैकी किमान २५ टक्के महिलांची मागणी हवी; त्या सह्यांची अधिकाऱ्यांकडून पडताळणी होते; आणि नंतरच्या गुप्त मतदानात, झालेल्या मतांच्या नव्हे तर एकूण मतदारांच्या, निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडावी लागतात. म्हणजे कामावर गेलेली, माहेरी गेलेली किंवा भीतीने घरी थांबलेली प्रत्येक स्त्री नियमाने दुकानाच्या बाजूने मोजली जाते. सही आणि अंगठा यांत तफावत पडली, मतदार यादीतील नाव वेगळे निघाले, की अर्ज कोसळतो. दुकानदार निदान मध्यस्थ विकत घेऊ शकतो. या स्त्रियांना ती भाषा कोण शिकवणार?

गंमत अशी की, कायद्याने त्यांची सोय केलेली आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सेवेचा हक्क आहे, आणि त्या कायद्यातील विधी सेवेच्या व्याख्येत न्यायालयातील खटल्याबरोबरच कोणत्याही कायदेशीर बाबीवर सल्ला देणेही येते. तालुका न्यायालयातील विधी सेवा समितीच्या दारावर ‘दारू दुकान बंद करण्याच्या अर्जासाठी येथे सल्ला मिळेल’ अशी पाटी लावायला नवा कायदा करावा लागणार नाही. तरीही ती पाटी निदान माझ्या पाहण्यात आलेली नाही.

नियमपालन ही केवळ कागदांची कटकट आहे असे मानण्याची चूकही कोणी करू नये. मुंबईतील मालवणीत जून २०१५ मध्ये शंभराहून अधिक, गुजरातच्या बोटाद परिसरात जुलै २०२२ मध्ये चाळीसहून अधिक आणि तमिळनाडूतील कल्लकुरिची येथे जून २०२४ मध्ये साठहून अधिक माणसे विषारी दारूने दगावली. या तीन राज्यांत तीन वेगळी धोरणे होती: परवाना पद्धत, दारूबंदी आणि सरकारी मक्तेदारी. मिथेनॉलने धोरण विचारले नाही. औद्योगिक वापराचे रसायन साठ्यातून बाहेर पडून पेल्यापर्यंत पोचते, तेव्हा साठा नोंदवही आणि वाहतूक पास यांचे महत्त्व कळते. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ सदस्यीय घटनापीठाने २३ ऑक्टोबर २०२४ रोजी आठ विरुद्ध एक अशा बहुमताने औद्योगिक अल्कोहोलही राज्यसूचीतील ‘मादक मद्य’ या संज्ञेत येते असा निकाल दिला आणि १९९० चा सात न्यायमूर्तींचा निर्णय मोडीत काढला. न्यायमूर्ती नागरत्ना यांचे मत भिन्न होते. त्या निकालाने राज्यांचे हात बळकट झाले, तसेच त्यांच्यावरील जबाबदारीही वाढली. आजवर अबकारी खात्याचा दरवाजा ज्यांना फारसा ओलांडावा लागत नव्हता, अशा रंग, औषधे आणि रसायने बनवणाऱ्या छोट्या उद्योगांचाही उद्या या नियमांशी अधिक जवळचा संबंध येऊ शकतो. त्यांनीही माहितगाराच्याच शोधात फिरायचे काय?

संसदेला यात काय करता येईल? थेट फार काही नाही. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने ४२ केंद्रीय कायद्यांतील १८३ तरतुदी शिथिल केल्या, किरकोळ चुकांसाठी तुरुंगाऐवजी दंड आणला. पण राज्यांचे अबकारी कायदे त्याच्या आवाक्याबाहेर आहेत, आणि संघराज्याच्या दृष्टीने ते योग्यच आहे. संसदेकडून राज्यांनी उचलावी अशी एक गोष्ट मात्र आहे. दोन्ही सभागृहांच्या अधीनस्थ विधिविधान समित्या सरकारने केलेले नियम तपासतात. महाराष्ट्र विधिमंडळाचीही उपविधान समिती आहे. वार्षिक अबकारी धोरण मंत्रिमंडळाच्या बैठकीत ठरते, वृत्तपत्रांत महसुलाच्या आकड्यांनिशी झळकते आणि विधिमंडळात त्याच्या कलमवार छाननीला क्वचितच वेळ मिळतो. हजारो व्यवसाय आणि लाखो कुटुंबे ज्यावर अवलंबून आहेत, त्या नियमांची वाच्यता आमदारांच्या समितीसमोर व्हावी, ही अपेक्षा अवाजवी नाही. महाराष्ट्रातील परमिट रूम व बारचालकांनी कर, शुल्क आणि परवाना फीच्या वाढीविरुद्ध १४ जुलै २०२५ रोजी बंद पाळला. आकडे योग्य की अयोग्य, यावर वाद होऊ शकतो. पण निर्णय झाल्यावर रस्त्यावर येण्याऐवजी निर्णयापूर्वी समितीसमोर बाजू मांडण्याची जागा असती, तर तो वाद अधिक उपयुक्त ठरला असता.

बाकीच्या गोष्टी प्रशासनाच्या हातातील आहेत, आणि या स्तंभाच्या वाचकांपैकी कित्येक जण कधी ना कधी त्या खुर्चीवर बसलेले आहेत किंवा बसणार आहेत. अर्ज अपूर्ण असेल तर सर्व त्रुटी एकाच पत्रात, नियमाच्या क्रमांकासह, लेखी कळवाव्यात. नकाराला कारणे द्यावीत, म्हणजे अपील करता येईल. राज्यातील सर्व अबकारी नियम, दुरुस्त्या आणि परिपत्रके राज्याच्या भाषेत एका ठिकाणी, तारखेनिशी, अद्ययावत ठेवावीत. धोरण बदलायचे असेल तर जुन्या परवानाधारकाला ठरावीक मुदत द्यावी. जिल्हा कार्यालयात एक मदत कक्ष असावा, आणि तेथे परवाना मागणाऱ्याइतकीच परवाना नको म्हणणाऱ्याचीही दखल घेतली जावी. महाराष्ट्राचा २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आणि दिल्लीचा २०११ चा कालबद्ध सेवेचा कायदा यांचा गाभाच हा आहे की, मुदतीत काम होणे ही मेहेरबानी नसून हक्क आहे. जून २०२५ मध्ये दिल्लीत उपाहारगृहांच्या परवान्याचे काम उपराज्यपालांच्या आदेशाने पोलिसांकडून काढून घेण्यात आले. एक खिडकी कमी करता येते, हे त्यातून दिसले. उरलेल्या खिडक्यांवर काय लिहिले आहे ते वाचता यावे, एवढेच आता मागणे आहे.

यातील एकाही सूचनेने दारू स्वस्त होणार नाही, एकही दुकान आपोआप वाढणार नाही, एकाही राज्याचा विशेषाधिकार कमी होणार नाही. होईल ते एवढेच की, नियमाचा अर्थ सांगण्याचा अधिकार फाइल फिरवणाऱ्याच्या हातून सुटून नियम करणाऱ्याकडे परत येईल. राज्याला कठोर व्हायचे असेल तर त्याने जरूर व्हावे. कठोर नियम पाळता येतो, अवघड नियमही पाळता येतो. न कळणारा नियम फक्त विकत घेता येतो.

आमच्या त्या मराठी गृहस्थांच्या परवान्याचे नूतनीकरण यंदाच्या मार्चमध्ये पुन्हा आले. या वेळी कागद जमवण्याच्या फंदात ते पडले नाहीत. त्यांनी सरळ त्या माहितगाराला फोन केला. पंधरा वर्षे स्वतःच्या हिमतीवर परक्या शहरात पाय रोवून उभ्या राहिलेल्या माणसाने स्वतः अर्ज करण्याचा नाद सोडून द्यावा, याची नोंद कोणत्याही महसुली ताळेबंदात होत नाही. एरवी हिशेबात काटेकोर असणाऱ्या अबकारी खात्यांनी या एका तुटीकडेही कधी पाहावे.